दोन्ही लागले

माझ्या सासरी मी भित्री म्हणून प्रसिद्ध होते, आणि ती प्रसिद्धी मी मेहनतीनं कमावली होती. विहिरीच्या काठावर कोणी वाकलं की मी ओरडायची. गॅस बंद करून झोपायला गेले तरी पुन्हा एकदा उठून बटण चाचपून यायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईचं काळीज चिमनीचं हाय, भाकरीचा पापुद्रा फुटला तरी दचकते." मी त्यावर चिडायची, पण त्यात फार खोटं नव्हतं. तरी ह्या सगळ्या किरकोळ भीत्या. खरी भीती एकच, आणि ती दर वर्षी दिवाळीच्या पुढेमागे कापूस घरात यायला लागला की सुरू व्हायची. ती ट्रॉलीची होती.

आमचं गाव देवळीच्या बाजूला. घरी ट्रॅक्टर आला तो नव्वदच्या दशकात, माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी. ट्रॉली गावच्याच वेल्डिंगवाल्यानं बनवून दिली. तिला चाकं होती, फाळके होते, साखळी होती, लाइट नव्हते. कोणाच्याच ट्रॉलीला नसायचे. कापूस भरला की ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगायची आणि देवळीच्या जिनिंगकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघायची. परत यायला अंधार व्हायचा. रिकामी ट्रॉली काळी, डांबरी रस्ता काळा, दोन्ही कडेची रानं काळी. एका हंगामात पलीकडच्या गावचा एक मोटारसायकलवाला अशाच एका ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला आणि जागीच गेला. मी त्याला ओळखत नव्हते. पण त्याच्या घरच्या बाईनं त्या संध्याकाळी कढी गरम करून झाकून ठेवली होती, हे कोणीतरी सांगितलं, आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. तेव्हापासून कापसाच्या दिवसांत आमच्या ट्रॅक्टरचा आवाज वेशीवर ऐकू येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

माझ्या नवऱ्याला भीती कशाशी खातात ते माहीत नव्हतं. उंच, काटक माणूस. विहिरीत दोराला धरून उतरायचा, पंपाची मोटार भर पावसात बांधायचा, साप निघाला की काठी न शोधता चप्पलच हातात घ्यायचा. मी लाइटचं काढलं की हसायचा. एकदा फार मागे लागले तेव्हा त्यानं पोरीच्या खराब झालेल्या गाण्यांच्या दोन सीड्या सुतळीनं ट्रॉलीच्या मागं बांधून दिल्या.

"पाय, कशा चमकतात! आता तं इमानालेबी दिसन आपली ट्रॉली."

"चमकायले मांगून कोनाचा तरी लाइट पडला पायजे ना," मी म्हटलं. "ज्याच्या गाडीले लाइट नाई, त्याले काय दिसन?"

"ज्याच्या गाडीले लाइट नाई तो रात्री जाईनच काऊन?"

असं बोलणं. ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण मीही सोडणारी नव्हते. रोज निघताना एकदा आणि आल्यावर एकदा, असा माझा लाइटचा जप दोन हंगाम चालला.

शेवटी तो थकला. तोवर दोन हजार साल मागं पडून बरीच वर्षं झाली होती आणि ट्रकवाले मागच्या बाजूला एलईडीच्या पट्ट्या लावून लग्नाच्या मांडवासारखे सजून फिरायला लागले होते. नवरा एक दिवस वर्ध्याहून तशाच दोन लाल पट्ट्या घेऊन आला. बोटभर रुंद, हातभर लांब, आणि प्रत्येकीला तीन वायरी: लाल, पिवळी, काळी. दुकानदारानं सांगितलं होतं की पट्टी एकच, कामं दोन. पार्किंग लाइटलाही चालते, इंडिकेटरलाही चालते.

"तुयासाठी आनल्या," तो म्हणाला. "आता तरी जेवत जा टायमावर."

मला फार बरं वाटलं. आमच्याकडे बायकोसाठी साडी आणतात, पाटल्या आणतात. माझ्यासाठी ट्रॉलीचे लाइट आले होते, आणि मला दुसरं काही नकोही होतं.

मिस्त्रीकडे जायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. पंपाची थ्री-फेज मोटार घरी बांधणाऱ्याला ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे पोरखेळ. अंगणात ट्रॉलीखाली पोतं अंथरून तो दुपारभर पडून होता. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्यानं लाल आणि पिवळी वायर एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली दिसली. ट्रॅक्टरवरून येणारी पार्किंगची वायर आणि इंडिकेटरची वायर, दोन्ही तिथंच आणून जोडलेल्या. मी विचारलं, दोघी एकत्र कशाला?

"पट्टी एक हाय ना? मंग दोनी वायरी एकाच जागी जातीन. इकडून करंट आला तरी लागन, तिकडून आला तरी लागन."

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

मग तपासणी. तो ट्रॅक्टरवर चढला आणि मला ट्रॉलीच्या मागं उभं केलं. त्यानं पार्किंग लावली. दोन्ही पट्ट्या अशा लालभडक पेटल्या की मागची भिंत रंगली. मी म्हटलं, लागले. त्यानं पार्किंग बंद केली आणि ओरडला, "आता उजवा मारला. पाय!"

पट्ट्या लुकलुकायला लागल्या. उजवीही आणि डावीही.

"लागला," मी ओरडले. "दोनी लागले!"

"दोनी लागले ना? आता डावा मारला, पाय!"

"दोनी लागले!"

"बस मंग. एकदम फिट."

तो खाली उतरला, हात पुसत मागं आला आणि बंद पट्ट्यांकडे कौतुकानं पाहिलं. मी डोळ्यांना दिसलं ते सांगितलं होतं: उजवा मारला तरी दोन्ही पट्ट्या लागतात, डावा मारला तरी दोन्ही. त्यानं ऐकलं ते असं, की दोन्ही पट्ट्या चालतात, एकही खराब निघाली नाही. आमच्या बोलीत दोन्हींना एकच वाक्य आहे. ट्रॉलीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, मधे इंजिनचा धडधडाट. मला इंडिकेटरचं काय कळत होतं? मला लाइट हवे होते, ते लागले होते. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चौकात डावीकडे जाणारा डावा इंडिकेटर लावतो, उजवीकडे जाणारा उजवा. मग सरळ जाणाऱ्यानं काय लावावं? तर चारही. गाडीचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकले म्हणजे "मी सीधा चाललो" हे आमच्या भागात सगळ्यांना कळतं. खरं तर चारही एकदम लावायचं ते बटण गाडी रस्त्यात बंद पडली तर लावायचं असतं, असं नंतर पुष्कळांनी ऐकवलं. ऐकवोत बापडे. जीपवाला, ट्रकवाला, नवीन मोटार घेतलेला मास्तर, सगळे तेच करत होते आणि कोणाचं काही अडत नव्हतं. आमच्या ट्रॅक्टरला मात्र तसं बटणच नव्हतं. आधी वळायचं असलं की नवरा हात बाहेर काढून लांब करायचा. पट्ट्या लागल्या आणि त्यानं हात काढणं सोडलं. इंडिकेटर असताना हात काढायला तो काय अडाणी होता?

कापूस चांगला निघाला होता. त्या सकाळी ट्रॉली भरून नवरा देवळीला निघाला आणि मीही त्याच्यासोबत चाकावरच्या पत्र्यावर, उजव्या बाजूला बसून निघाले. बाजार करायचा होता हे कारण. घरी बसून वाट पाहण्यापेक्षा ट्रॅक्टरवर बसून भिणं मला सोपं वाटायचं हे खरं. माझी पोरगी घरीच होती. तिला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून धाकटे दीर तिला मोटारसायकलवर सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे तपासायला नेणार होते. ते आमच्यानंतर निघणार होते. पोरीला दोन वेण्या घालून दिल्या होत्या आणि काकाला घट्ट धरून बस असं मी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की ती शेवटी रडकुंडीला आली.

ठरलं असं होतं की कापूस देवळीच्या पलीकडच्या जिनिंगवर न्यायचा, म्हणजे चौकातून सरळ. दिरांनाही तेच माहीत होतं. पण देवळी जवळ आली तसा समोरून एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला रिकामी ट्रॉली घेऊन आला. त्यानं हात हलवून ओरडून सांगितलं, "तिकडं जाऊ नोका भाऊ! लय लाइन हाय! अलीकडच्या जिनिंगवर घाला!"

अलीकडच्या जिनिंगचा रस्ता चौकाच्या थोडा आधी उजवीकडे फुटतो. नवऱ्यानं मान हलवली, वेग कमी केला आणि उजवा इंडिकेटर दिला. माझ्या पायाशी पत्र्यावरचा पिवळा दिवा टिकटिक करायला लागला.

मी मागं पाहत होते. मी नेहमीच मागं पाहायची. त्यावरूनही नवऱ्याची थट्टा चालायची. कापसाच्या फुगीर कडेला लागून मागचा थोडासाच रस्ता दिसत होता. रस्त्याच्या तेवढ्याच तुकड्यात एक मोटारसायकल आली. आधी मला फक्त चाक दिसलं, मग दिरांचा निळा स्वेटर, मग त्यांच्या खांद्यामागून वाऱ्यावर उडालेली एक वेणी. मोटारसायकल ट्रॉलीच्या उजव्या बाजूनं पुढं येत होती. दीर निवांत होते. पोरीनं मला पाहिलं आणि हात हलवला. काकाला धरलेला हात सोडून तिनं मला हात हलवला.

नवऱ्यानं स्टीअरिंग उजवीकडे घ्यायला सुरुवात केली.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ट्रॅक्टरवर बसलेल्याला मागचं काही ऐकू येत नाही, आणि मी तर आयुष्यभर इतकी ओरडले होते की त्यानं ऐकलं असतं तरी वळून पाहिलं नसतं. माझ्या खालचं मोठं चाक रस्त्याच्या मधून पलीकडे चाललं होतं आणि मोटारसायकल त्या चाकाच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मधल्या जागेत शिरली होती. ती जागा माझ्या डोळ्यांदेखत कमी होत होती. मी पत्र्यावरून घसरून त्याच्या अंगावर पडले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात स्टीअरिंगवरून ओढला. त्यानं मला शिवी दिली. पण पाय ब्रेकवर गेला. भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलत आली, सगळं लोखंड करकरलं, आणि इंजिन बंद पडलं.

एकदम शांत झालं. मोटारसायकल कुठंच दिसत नव्हती.

त्या शांततेबद्दल मला लिहिता येत नाही. मी चाकाखाली पाहू शकले नाही. मी नवऱ्याच्या सदऱ्याला धरून तशीच लटकले होते आणि मनात एकच चाललं होतं, की मी खाली पाहिलं नाही तोवर काही झालेलं नाही.

मग तुरीच्या वावरातून पोरीचं रडणं ऐकू आलं. चांगलं मोठं, रागाचं रडणं. त्याच्याइतका गोड आवाज मी अजून ऐकलेला नाही.

दिरांनी शेवटच्या क्षणी मोटारसायकल रस्त्याखाली घातली होती. काळ्या मातीत चाक रुतलं आणि दोघंही तुरीच्या झाडांवर आडवे झाले. दिरांचा गुडघा फुटला होता. पोरीची हनुवटी खरचटली होती, कोपर सोललं होतं, आणि एका वेणीत तुरीच्या शेंगा अडकल्या होत्या. मी तिला उचलली आणि तिचं अंग चाचपत राहिले. हात, पाय, डोकं, पुन्हा हात. ती म्हणाली, "आई, दुखून राह्यलं, दाबू नोको." तरी मी दाबतच होते.

दीर लंगडत रस्त्यावर आले. मोठ्या भावापुढे कधी आवाज न चढवणारा माणूस तो, पण त्या दिवशी सरळ ओरडलेच.

"दादा, मारतं का पोरीले? चारी लावून वळते का कोनी?"

"म्या उजवा देल्ला होता! दिसत नाई का तुले?"

"चारी लागले होते! मले वाटलं नव्या पट्ट्यांसंगं तू ते बटनबी बसवलं. घरून तं सीधा जातो म्हनला होता, अन् चारीबी लावले. मी काऊन थांबीन मंग?"

"उजवा देल्ला म्हनतो ना!"

दोघंही खरं बोलत होते. रस्त्यावर चार माणसं जमली होती आणि प्रत्येक जण एकेकाची बाजू घेत होता. नवरा तणतणत ट्रॅक्टरवर चढला आणि मला म्हणाला, "जा व मांगं. पाय अन् सांग याले." त्यानं खटका उजवीकडे दाबला. मी पोरीला कमरेवर घेऊन ट्रॉलीच्या मागं गेले. दीरही आले.

उन्हातही स्पष्ट दिसत होतं. उजवी पट्टी लुकलुकत होती आणि तिच्यासोबत, अगदी तालात, डावीही.

"काय लागलं?" नवऱ्याचा आवाज आला.

"दोनी लागले," मी म्हटलं, आणि अंगणातलं माझंच वाक्य मला आठवलं.

इंजिन बंद होतं, त्यामुळे त्याला ऐकू आलं. या वेळी नीट ऐकू आलं. खाली उतरून मागं आला, पट्ट्यांकडे पाहिलं, पोरीच्या हनुवटीकडे पाहिलं, आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

देवळीत बसस्टँडजवळच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्यानं टेप सोडवली आणि दोन वाक्यांत कारण सांगितलं. पार्किंगची वायर दोन्ही बाजूंना एकच असते; तिला इंडिकेटरची वायर चिकटवली की उजव्या बाजूचा करंट तिच्यातून उलटा फिरून डावीकडेही जातो. आणि पार्किंग चालू असताना तर पट्टी नुसतीच जळत राहणार, वळताना लुकलुकणारच नाही. "म्हंजे अंधारात इतके दिवस तुमी बिना इंडिकेटरचेच वळून राह्यले होते," तो म्हणाला. पट्टीच्या पोटात दोन ओळी आहेत, लाल वायर एका ओळीची, पिवळी दुसरीची, त्या वेगळ्याच ठेवायच्या होत्या, असंही तो म्हणाला. नवरा एरवी अशा ठिकाणी चार उलटे प्रश्न विचारून मिस्त्रीला घाम फोडायचा. त्या दिवशी तो मान खाली घालून ऐकत होता आणि प्रत्येक वाक्याला "हो भाऊ" म्हणत होता. वायरी वेगळ्या झाल्या. उजवा मारला, उजवाच लागला. इलेक्ट्रिकवाल्यानं दाखवलं, दिरांनी पाहिलं, मी पाहिलं. नवऱ्यानं पुन्हा दाखवायला लावलं, आणि मग आणखी एकदा.

सेवाग्राम त्या दिवशी राहून गेलं. कापूस रिकामा करून आम्ही उन्हं उतरायच्या आत घराकडे निघालो. पोरगी माझ्या मांडीवर झोपली. दीर वाकड्या हँडलची मोटारसायकल घेऊन मागून हळूहळू येत होते. ट्रॉली रिकामी, रस्ता मोकळा, तरी ते आमच्या पुढं गेले नाहीत.

पहिल्या वळणावर नवऱ्यानं ट्रॅक्टर जवळजवळ थांबवला. इंडिकेटर दिला, हातही पार खांद्यापासून बाहेर काढला, आणि मला विचारलं, "वळू का?"

मला वाटलं थट्टा करतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हात तसाच बाहेर धरून माझ्या होकाराची वाट पाहत होता.

"वळा," मी म्हटलं.

पुढच्या वळणावरही त्यानं विचारलं. त्याच्या पुढच्याही. आणि मला एकाएकी वेगळीच भीती वाटली. लग्न झाल्यापासून मी भीत होते, ती ह्या माणसाच्या जिवावर भीत होते. मी रडायचं, ओरडायचं, उपाशी राहायचं आणि त्यानं हसायचं, अशी आमची वाटणी होती. तो हसायचा म्हणून मला पोटभर भिता येत होतं. आता तो हसणार नव्हता, आणि ह्या घरात निर्धास्त असं कोणीच उरलं नव्हतं. ही भीती मला सकाळच्या भीतीपेक्षाही मोठी वाटली, आणि ती सांगायची कोणाला?

वेशीपाशी दीर आपल्या घराकडे वळले. आम्ही आमच्या गल्लीत आलो. मागं कोणी नव्हतं. पुढं आमचंच अंगण, उघडं फाटक, ओट्यावर बसलेल्या सासूबाई. फाटकासमोर त्यानं ट्रॅक्टर थांबवला, इंडिकेटर दिला, हात बाहेर काढला, आणि मागं रिकाम्या गल्लीकडे पाहत राहिला.

"वळू का व?"

मलाही मागं पाहायचं होतं. माझी मान आपोआप वळायला लागली होती. मी ती तशीच समोर धरून ठेवली, पोरीला छातीशी घेतलं आणि होईल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "वळा. कोनी नाई मांगं."